भरून परत केलेलं भांडं

माणसाला आजार व्हावा तर भारदस्त व्हावा. हृदयाचं काही निघालं की लोक खालच्या आवाजात बोलतात, बसायला खुर्ची देतात. पित्ताशयात खडा निघाला की पहिला प्रश्न येतो, "काय खाल्लंस?" मी यीबिन शहराच्या पाणीपुरवठा खात्यात 'उद्या पाणी येणार नाही' अशा नोटिसा लिहितो. माझ्या नोटिशीत आजवर कुणाला चूक सापडलेली नाही; चुकून पाणी येतं, तो भाग वेगळा. अशा माणसाला सोनोग्राफीच्या खोलीतल्या कालच्या पोरीनं सगळ्या रांगेदेखत विचारावं, "काका, रोज चरबीचा रस्सा ओरपता वाटतं?" हे काही बरं नव्हे.

खडा होता आणि पित्ताशयाला सूजही होती; ताप आणि डोळ्यांतला पिवळेपणा त्यातूनच आलेला. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं पडद्याकडे बघतच सांगितलं, "काढून टाकू."

"खडा?"

"पिशवीच."

आमच्या खात्यात गंजलेला नळ काढायचा तरी चार टेबलं फिरावी लागतात. हा मनुष्य माझ्या पोटातला जन्मापासूनचा अवयव एका शब्दात निकालात काढत होता. मी "घरी विचारून सांगतो" म्हणालो आणि चपळाईनं बाहेर पडलो.

घरी विचारलं. रुईफेन, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "घाबरलात, असं सरळ सांगा ना. घाबरटाचंही पोट दुखतंच. चला वैद्य मोंकडे."

वैद्य मो आमच्या गावातलं जुनं प्रस्थ. त्यांनी माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवून डोळे मिटले. इतका वेळ मिटले की मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "जीभ." मी जीभ काढली. त्यांनी खेदानं मान हलवली. माझ्या जिभेबद्दल तक्रार करणारी आजवर एक रुईफेनच होती.

त्यांनी औषध लिहून दिलं. नाण्यांचं गवत, कारण त्याची पानं नाण्यासारखी गोल असतात. हळदीच्या कुळातला एक कंद. रेवंदचिनीचे काप. आणि कोंबडीच्या पेट्याच्या, म्हणजे दाणे दळणाऱ्या तिच्या पोटाच्या, आतलं वाळवलेलं पिवळं सालपट.

"हे कशाला?" मी विचारलं.

"कोंबडी आयुष्यभर खडे टिपते आणि जिरवते. तुमच्याच्यानं एक जिरत नाही," वैद्य म्हणाले. "आणि रेवंदचिनी शेवटी टाका. शेवटी टाकली की जास्त जोर करते. त्या दिवशी लांब जाऊ नका."

आता काढा करायचा तर मातीच्या भांड्यात. आणि काढ्याचं भांडं विकत आणायचं नसतं. आणलं तर आजार घरात कायमचा भाडेकरू म्हणून राहतो. ते उसनं आणायचं. ज्याला गरज त्यानं स्वतः जाऊन मागायचं. देणाऱ्यानं परत मागायचं नाही आणि घेणाऱ्यानं परत करायचं नाही. पुढचा आजारी आपल्या पायांनी येईल तेव्हा तो तुमच्याकडून नेईल. कारण भांडं एखाद्याच्या दारात नेऊन देणं म्हणजे आजार नेऊन पोचवणं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. हे इथेच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मला कुणी अडाणी म्हणायला नको.

आमच्या वसाहतीतलं भांडं त्या वेळी समोरच्या फानदादांकडे होतं. त्यांच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात ते त्यांच्याकडे आलं आणि पुढं कुणी मागायला न आल्यानं तिथंच राहिलं. फानदादा कारखान्याच्या खानावळीतले निवृत्त आचारी. माझ्यापेक्षा बरेच वडील, त्यामुळे ते मला अरेतुरे करत आणि मी त्यांना अहोजाहो. रोज संध्याकाळी दोघांच्या दारांमधल्या जागेत स्टूल टाकून आम्ही बुद्धिबळ खेळत असू. ते हरले की माझ्या खात्याला शिव्या देत, आणि मी हरलो तरी माझ्या खात्यालाच शिव्या देत.

मी भांडं मागितलं तेव्हा त्यांनी ते कपाटावरून काढून दिलं. काळंकुट्ट, कान तुटलेलं, झाकण दुसऱ्याच कुठल्या भांड्याचं. दिलं आणि पाठोपाठ आमच्या स्वयंपाकघरात आले.

"गेंग, जाळ कमी कर."

"वैद्यांनी आधी मोठा जाळ सांगितलाय, दादा."

"वैद्यानं कधी चारशे माणसांचं सूप केलंय? कमी कर म्हणतो ना!"

काढ्याचा वास चौथ्या मजल्यापर्यंत गेला. वासामागून सल्ले आले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं, काढा पूर्वेकडे तोंड करून प्या. वरचे गृहस्थ म्हणाले, उभ्यानं प्या, म्हणजे खडा खाली येतो. कुणाला तरी कोंबडीच्या सालपटाचा पत्ता लागला आणि मग ज्याच्या घरी कोंबडी शिजे तो पेट्याची साल धुऊन, वाळवून माझ्या दाराला अडकवू लागला. लोक जिना चढताना माझ्या दाराकडे बघून नाक दाबत. प्रेमाला नाही म्हणता येत नाही, पण प्रेमाला वास येतो.

रेवंदचिनीबद्दल मी फार बोलणार नाही. ऑफिसात महत्त्वाची बैठक चालू होती, विषय होता शहरातली पाण्याची गळती, आणि मी तीनदा उठलो. साहेब म्हणाले, "गेंग, विषयाची तळमळ दिसते."

उकळून झालेला चोथा रस्त्यावर टाकायचा असतो, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी आजार दूर जावा म्हणून. मी टाकला. दुसऱ्याच दिवशी मोहल्ला समितीच्या दोंगबाई दंडाला समितीचा लाल पट्टा बांधून दारात हजर. "साहेब, शिकलेसवरलेले तुम्ही, आणि रस्त्यावर कचरा?" मी म्हणालो, कचरा नव्हे, औषध. त्या म्हणाल्या, मग ते पोटात ठेवा. यावर उत्तर मला रात्री अंथरुणात चांगलं सुचलं, पण तेव्हा दोंगबाई नव्हत्या.

पण काढ्याला यश आलं. दुखणं थांबलं. ताप गेला, डोळ्यांतला पिवळेपणा गेला. पातळ पेज आणि बिनतेलाची भाजी खाऊन विजारीला नाडी बांधायची वेळ आली. मी वसाहतीत ज्याला त्याला थांबवून सांगू लागलो, "हॉस्पिटलवाले कापायला निघाले होते! गवतानं विरघळवला मी!" फानदादा अभिमानानं पुस्ती जोडत, "जाळ माझा होता."

आणि मग आला त्यांचा सत्तरावा वाढदिवस.

आता माझी बाजू ऐका. माझ्या आईनं मला तीन गोष्टी शिकवल्या. उसनं भांडं वेळेवर परत करावं, घासून परत करावं आणि रिकामं परत करू नये. तिन्ही गोष्टी योग्य आहेत. तिनं चौथी सांगितली असेल, की काढ्याचं भांडं सोडून, तर त्या वेळी मी कदाचित झोपलेला असेन. त्या सकाळी मी बरा झाल्याच्या आनंदात इतका बुडालो होतो, की फानदादांचं एवढं उपकाराचं भांडं आपल्याकडे काळं पडून राहिलंय हे माझ्या मनाला लागलं. रुईफेन बाजारात गेली होती. मी भांडं राख लावून घासलं. वर्षानुवर्षांचं काजळ निघालं आणि आतून लालसर, देखणं मडकं बाहेर आलं. त्यात संत्री भरली. वर लाल कागद लावला. आणि दुपारी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, दीर्घायुष्याच्या शेवयांचा वाडगा फानदादांच्या ओठाशी असताना, मी दोन्ही हातांनी ते भांडं त्यांच्यापुढं धरून म्हणालो, "दादा, जन्मदिवसाच्या शुभेच्छा! हे तुमचं तुम्हाला परत!"

एका म्हाताऱ्या मावशींच्या हातातल्या जेवायच्या काड्या खाली पडल्या. फानदादांच्या ओठांतून लोंबणारी शेवई, जी तोडायची नसते, ती तुटली.

"काय आणलंस?" फानदादांनी हळूच विचारलं.

"संत्री," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. पण लक्षात आल्यावर माणूस काय करतो? मी संत्र्यांची तारीफ करत राहिलो. गोड आहेत म्हणालो. सालही पातळ आहे म्हणालो.

"सत्तर वर्षं धडधाकट राहिलो," फानदादा उठून उभे राहिले, "आणि हा शहाणा आज माझ्या पाहुण्यांदेखत आपला आजार घासूनपुसून, सजवून मला देतोय! वर फळं घालून! जा. निघ. आणि परत माझ्या पटापाशी बसायचं नाही!"

मी घरी पोचतो न पोचतो तो बाहेर खट् आवाज झाला. भांडं माझ्या दारात होतं. संत्री ठेवून घेतली होती. रुईफेन बाजारातून आली, तिला सगळा प्रकार कळला आणि ती पिशवी न ठेवताच माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं झाडूच्या टोकानं भांडं बरोब्बर मधोमध ढकललं, जिथं आम्ही स्टूल टाकत असू.

आणि ते तिथंच राहिलं. फानदादा आत घेईनात, कारण घेतलं तर आजार स्वीकारला. मी घेईना, कारण मी बरा झालो होतो आणि ते साऱ्या वसाहतीला ओरडून सांगितलं होतं. जिना चढणारे भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून त्याच्या बाजूनं जात. पोस्टमन तर आमच्या मजल्याची पत्रं खालीच ठेवू लागला.

दोंगबाईंनी जिन्यात नोटीस लावली: 'जिन्यात वस्तू ठेवणे आगीच्या नियमाविरुद्ध आहे. संबंधितांनी ताबडतोब उचलावे.' मला राहवलं नाही. मी लाल पेनानं खाली लिहिलं, 'संबंधित कोण? काय उचलावे? ताबडतोब म्हणजे किती वाजता?' बाई तरातरा वर आल्या.

"गेंगसाहेब, माझी नोटीस तपासू नका, भांडं उचला!"

"माझं नाही ते, बाई. ते फानदादांचं."

समोरच्या बंद दारातून आवाज आला, "माझं नाही! मी कधीच देऊन टाकलंय!"

"मग समितीनं उचलावं," मी म्हणालो. झाडूवालीनं तर आधीच सांगितलं होतं की ती भोवतीनं झाडेल, पण शिवणार नाही. दोंगबाईंनी पदर, म्हणजे तो लाल पट्टा, सरसावला. "माझा विज्ञानावर विश्वास आहे," असं म्हणून त्या वाकल्या, थबकल्या आणि उभ्या राहिल्या. "आज जरा सर्दीसारखं वाटतंय, नाहीतर उचललंच असतं." मग त्यांच्या ध्यानात आलं, की सर्दी असली तर भांडं त्यांनाच न्यायला हरकत नाही. "तशी सर्दी नाहीये म्हणा," त्या घाईनं म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

उपाय खरं तर सोपा होता. वसाहतीतल्या कुणीतरी आजारी पडावं, आपण होऊन यावं आणि भांडं न्यावं. पण त्या महिन्यात आमच्या वसाहतीइतकी निरोगी वसाहत सबंध प्रांतात नसेल. वरच्या गृहस्थांचा जुना खोकला बंद झाला. ते उशीत तोंड खुपसून खोकत, असं त्यांच्या बायकोनं रुईफेनला सांगितलं. खालच्या बाईंचे गुडघे एकाएकी बरे झाले.

संध्याकाळी मी घरात बसे. समोरच्या दारामागून फानदादा एकटेच सोंगट्या आपटत असल्याचा आवाज येई. ते दोन्ही बाजूंनी खेळत आणि दोन्ही बाजूंना शिव्या देत. खोटं कशाला बोलू, मला त्या शिव्यांची आठवण येत होती. रोज कुणीतरी आपल्याला मूर्ख म्हणत असतं आणि एक दिवस म्हणेनासं होतं, तेव्हा घर फार मोठं वाटतं.

अशातच रुईफेननं मला पुन्हा सोनोग्राफीला नेलं. तीच मुलगी. "काका, सूज उतरलीय." मी छाती फुगवली. "खडा आहे तिथंच आहे."

मी रिपोर्ट घेऊन तडक वैद्य मोंकडे गेलो. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "बरोबर आहे."

"बरोबर? विरघळला नाही तो!"

"विरघळेल असं कोण म्हणालं?"

मी आठवून पाहिलं. मीच म्हणालो होतो, बऱ्याच लोकांना.

"मी गवत दिलं, सुरुंग नाही," वैद्य म्हणाले. "आग विझवायची होती, ती विझली. खडा आहे तोवर तो पुन्हा पेटवणार. आता पोट शांत आहे तोवर जा आणि काढून टाका. तोपर्यंत हा पुडा घ्या. आणि घाबरू नका, माझी स्वतःची पिशवी मी त्याच हॉस्पिटलात काढून घेतलीय."

हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर पुष्कळ संत्री वाचली असती.

आता मला काढा हवा होता आणि भांडं दारातच होतं. हात लांब करायचा अवकाश. पण हात लांब करणं म्हणजे दोंगबाईंपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांसमोर कबूल करणं, की गेंगचा खडा जागेवर आहे. आणि फानदादा काय म्हणतील? म्हणून मी काढा भात शिजवायच्या विजेच्या कुकरमध्ये केला. काढा झाला नाही. त्यानंतर आमच्या घरी भात मात्र पिवळा आणि कडू होऊ लागला. रुईफेन म्हणाली, "अब्रू एवढी जपता, ती खा आता भाताबरोबर," आणि बहिणीकडे निघून गेली.

बायको घरात नाही, मित्र बोलत नाही. माणूस अशा वेळी चुकतो. मी कोपऱ्यावर जाऊन भरपूर तेलातल्या, शेंगदाणे घातलेल्या, यीबिनच्या चमचमीत सुक्या शेवया खाल्ल्या. मोठा वाडगा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बरगडीखाली कळ आली. पूर्वीची नुसती ओळखीची. ही नात्यातली निघाली. मी दार उघडून भांड्यापर्यंत जायला निघालो, पण उंबऱ्याशीच बसलो. दार अर्धं उघडं, मी भिंतीला टेकलेला, तोंडातून नको ते आवाज येतायत.

समोरचं दार किलकिलं झालं.

"कोण विव्हळतंय?" फानदादा दिसत नव्हते, नुसता आवाज होता. "बरा झाला होतास ना? गवतानं विरघळवला होतास ना?"

"आहे अजून," मी म्हणालो. "होता तिथंच आहे, दादा."

मग दार पूर्ण उघडलं. फानदादा बनियनवर बाहेर आले. माझ्याकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं.

"उचल," ते म्हणाले. "तुझं तू उचल. मी तुला आणून दिलं तर आजार पोचवल्यासारखं होईल. मी नाही तुझ्यासारखा."

मी उठायचा प्रयत्न केला. नाही जमलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कळीनंही आलं असेल.

"उठता येत नाही तुला?"

"नाही."

फानदादा तिथंच उभे राहिले. हा माणूस घरातून निघताना उजवं पाऊल आधी टाकायचा, भुतांच्या सातव्या महिन्यात नदीकाठी फिरकायचा नाही. त्यांनी माझ्या खात्याला एक कचकचीत शिवी दिली. मग माझ्या अंगावरून पाय टाकून आत गेले, टेबलावरचा औषधाचा पुडा घेतला, बाहेर आले, वाकले आणि दोन्ही हातांनी ते भांडं उचलून आपल्या घरात घेऊन गेले.

आतून वहिनींची किंकाळी आली. "अहो, घरात आणलंत? अहो, तुम्हाला काय झालंय?"

"मला काही झालेलं नाही. पाणी ठेव. आणि जाळ मी बघणार."

तासाभरानं ते वाडगा घेऊन आले. मला भिंतीला नीट टेकवलं आणि घोट घोट पाजलं. काढा पूर्वीइतकाच घाण होता, पण जाळ बरोबर होता. वहिनींनी रुईफेनला फोन लावला. या दोघी इतके दिवस रोज बाजारात एकत्र जात होत्या, हेही त्याच दिवशी कळलं. दुखणं जरा ओसरल्यावर मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी माझं चुकलं."

"ते सगळ्यांना माहीत आहे. उद्या हॉस्पिटलात चल. मी बाहेर बसतो. पळालास तर पकडायला कुणीतरी हवं."

ते खरोखर बसले. ऑपरेशनच्या दाराबाहेर त्यांनी नर्सला भाजीत तेल किती असावं यावर सुनावलं, असं रुईफेन सांगते. खडा मला डबीत घालून दिला. वाटाण्याएवढा. एवढ्याशा वस्तूनं एवढी माणसं नाचवली याचं मला नवल वाटलं.

घरी आलो तेव्हा आमच्या दोन दारांमधली जागा मोकळी होती. फानदादा मला धरून जिना चढवत होते.

"भांडं?" मी विचारलं.

"आमच्या कपाटावर."

"वहिनी चालवून घेतात?"

"रडली दोन दिवस. मग म्हणाली, राहू दे." ते थांबले. दम लागला होता, पण तो आपल्याला नव्हे, मला लागलाय असं त्यांनी दाखवलं. "कुणीही यावं आणि न्यावं. वरच्या खोकलेवाल्यानं न्यावं, दोंगबाईनं न्यावं. पण गेंग, तू मागायला आलास ना, तर मी दार उघडणार नाही. मरेपर्यंत उघडणार नाही. समजलं?"

मला समजलं. मी मान हलवली, कारण बोलायला गेलो असतो तर टाके दुखले असते.